लपणातला आवाज

ओन्नीनं सरळ तोंडावर सांगितलं असतं तर रेनोला एवढं लागलं नसतं. पण ओन्नीनं त्याच्या हातात ॲप्रन ठेवला.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार होता. सगळे कॅम्पवर लाकडं फोडायला जमले होते. कॅम्प म्हणजे दलदलीच्या कडेची एक लाकडी खोली, सहा बाजा, एक लोखंडी चूल आणि दाराशेजारी सहा खिळे. हरणांचा मोसम आला की ज्याची त्याची बंदूक ज्याच्या त्याच्या खिळ्याला. रेनो कांगासचा खिळा दाराकडून दुसरा, चाळीस वर्षं तोच. त्या दिवशी तो ओंडका उचलायला वाकला आणि पाठीवरच्या ऑक्सिजनच्या मशीननं फुस केलं. सरळ झाला, पुन्हा फुस. प्रत्येक श्वासाला एक फुस. मशीनचा स्वभावच तो, माणूस हवा ओढतो तेव्हा ते एक घास हवा नळीतून नाकात सोडतं.

"रेनो, यंदा तू चूल सांभाळ," ओन्नी म्हणाला. ओन्नी त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मेव्हणा राहिला. "तुझ्या हातच्या रश्श्याला तोड नाही गड्या."

"आणि माझी जंगलातली बसायची जागा?"

"तिथं माझा जावई बसेल म्हणतो. पोरगा नवीन आहे."

"म्हणजे माझ्या मशीनला हरणं भितील असं म्हण की."

"हरणं? अरे मलाच दर वेळी वाटतं कुणीतरी माझ्या गाडीच्या चाकातली हवा सोडतंय!"

सगळे हसले. रेनोही हसला. हसताना खोकला आला आणि मग त्या खोकल्यानं सगळ्यांचं हसू हळूहळू बंद केलं. ॲप्रनवर लाल कोंबडा छापलेला होता. रेनोनं त्याची नीट चौकोनी घडी घातली, चुलीवर ठेवली आणि गाडीत जाऊन बसला.

घरी मुलगी होती, डोरीन. वय सत्तेचाळीस, गावच्या शाळेची बस चालवायची. नवरा तिचा लोखंडाची माती वाहणाऱ्या बोटीवर, सुपीरियर सरोवर गोठेपर्यंत काही घरी यायचा नाही. म्हणून ती बापाकडे राहायला आली होती. म्हणजे सांगताना असं सांगायचं. खरं कारण दोघांना ठाऊक होतं.

"ॲप्रन?" ती म्हणाली. "मामानं ॲप्रन दिला तुला?"

"कोंबड्याचा."

"तू त्याच्या तोंडावर फेकलास की नाही?"

"घडी घालून ठेवला."

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी डोरीनला बाहेर बोलावून सांगितलं होतं, पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर धरून चालू नका. डॉक्टरांच्या खोलीचं दार पातळ होतं. आत बसलेल्या रेनोनंही ते ऐकलं होतं.

"एक हरीण," तो म्हणाला. "माझ्या हातानं. गप बसून, नीट, जसं मारायचं तसं. मग बंदूक घेऊन जा कुणीही. चूल सांभाळतो मग."

"आपल्या जागेत बसू ना."

आपली जागा म्हणजे घरामागची चाळीस एकर. रेनोच्या आईबापानं फिनलंडहून अमेरिकेत येऊन दलदल उपसून तिथं शेत केलं होतं, आणि त्यांच्यामागं दलदलीनं ते परत घेतलं. उरली होती पाच सफरचंदाची झाडं. रानटी झालेली, वाकलेली. पण सफरचंदं अजून लागायची. पलीकडच्या सिडरच्या राईतून हरणं संध्याकाळी तिथं यायची.

दुसऱ्याच दिवशी डोरीननं तिथं लपण उभं केलं. जमिनीवरचा तंबूच तो, कापडी, झाडपाल्याच्या रंगाचा. रेनो बादली पालथी घालून बसला होता आणि सांगत होता.

"आतला पाला काढ. सगळा. काळी माती दिसेपर्यंत. पाय हलला तर मातीला आवाज नसतो, पाल्याला असतो."

"काढते."

"मागची खिडकी शिव. मागून उजेड आला की आपण पडद्यावरच्या बाहुल्यांसारखे दिसणार. आत आपण काळे कपडे घालायचे. खुर्चीच्या स्क्रूला तेल. तंबूच्या चेनला मेणबत्ती घास."

"बा, तू आईला पण असाच कामाला लावायचास?"

"तुझी आई मला लावायची. ती पाला काढायची नाही, सगळी जमीन झाडायची."

डोरीननं बाहेरून सिडरच्या फांद्या बांधल्या. तंबू तंबू वाटेनासा झाला. नारंगी कापडाची एक पट्टी मात्र वर बांधावीच लागली, दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस आहे हे कळायला. हरणाला नारंगी दिसत नाही. त्याला हालचाल दिसते, वास येतो, आणि आवाज.

आवाजाबद्दल दोघंही बोलले नाहीत.

मग दिवस सुरू झाले. डोरीन पहाटे बस घेऊन जायची, पोरं शाळेत सोडायची, दुपारी पोरं घरोघर पोचवायची. रेनो घरातल्या मोठ्या मशीनला लांब नळीनं बांधलेला, स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत जाऊ शकायचा. गोठ्यातल्या गायीला दावं असतं तेवढंच. खिडकीतून पाच झाडं दिसायची. बघता बघता त्याचा डोळा लागायचा. जागा व्हायचा तेव्हा बाहेर अंधारून आलेलं असायचं, आणि डोरीन नुकतीच आत आलेली, गालांवर गारठा घेऊन.

"कुठं होतीस?"

"लपण बघायला. वारा होता."

रोजच वारा असायचा म्हणे. दोन आठवडे गेले. एक दिवस रेनोनं छोट्या मशीनची पिशवी उघडली तर आत सिडरची सुकी पानं. रात्री जेवताना बघितलं तर डोरीनच्या नाकपुडीखाली वाळलेलं रक्त. त्याच्याही नाकातून सुरुवातीला यायचं, कोरड्या हवेनं.

"तू माझं मशीन लावतेस," तो म्हणाला.

डोरीननं पाव खाली ठेवला.

"सगळ्यात कमीवर," ती म्हणाली. "तू झोपतोस तेव्हा. तिथं जाऊन बसते, अंधार पडेपर्यंत. नुसतं चालू ठेवलं तर ते फक्त गुरगुरतं, फुस करत नाही. त्याला श्वास लागतो. म्हणून मी घेते."

"कशाला?"

"हरणांना सवय व्हायला. सडकेच्या कडेला चरतात की नाही ती? ट्रक जातो, मान पण वर करत नाहीत. माझ्या बसला सुद्धा भीत नाहीत. मग फुसला का भितील?"

रेनोला हसू फुटलं. "शाळा," तो म्हणाला, "हरणांची शाळा काढली हिनं!" आणि इतका हसला की बोटाला लावून रक्तातली हवा मोजायच्या चिमट्यावरचा आकडा ऐंशीवर घसरला आणि डोरीनला मोठं मशीन वाढवावं लागलं.

"पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही," ती त्याची पाठ चोळत सांगत होती. "चौथ्या दिवशी एक म्हातारी मादी आली, लांब उभी राहिली, पाय आपटला, गेली. आठव्या दिवशी ती आणि तिची दोन पाडसं. काल माझ्यापासून वीस पावलांवर खात होती. बा, तिचा एक कान फाटलेला आहे. खाताना डोळे मिटते ती."

"सत्तर वर्षं हरणांच्या मागं आहे मी. हे असलं होत नसतं."

"बरं," डोरीन म्हणाली.

मोसम पंधरा नोव्हेंबरला उघडतो. त्या दिवशी शाळेलाही सुट्टी, मास्तरच जंगलात. आदल्या दिवशी नर्स येऊन गेली. तिनं मशीन तपासलं, ओठ निळे पडलेत का ते बघितलं.

"तंबूत गॅसची शेगडी अजिबात नाही," ती म्हणाली. "ऑक्सिजन आणि आग एकत्र नको."

"थंडीनं मरेन की मग."

"घोंगड्या घ्या. आणि बंदूक म्हणजे आगच की, काका. बार काढायच्या आधी मशीन बंद. नळी नाकातून बाहेर. वचन द्या."

"दिलं."

संध्याकाळी साउना तापवला, म्हणजे वाफेनं न्हायची लाकडी खोली. साबण न लावता नुसत्या घामानं आणि पाण्यानं अंग धुऊन काढायचं, वास राहायला नको म्हणून. रेनोला आता फक्त खालच्या फळीवर बसवायचं, तेही दार उघडं ठेवून, पाच मिनिटं. वरच्या फळीवर त्याचा बाप बसायचा, मग तो बसायला लागला. आता वरची फळी रिकामी होती आणि तिथं नुसती वाफ बसली होती, माणसासारखी, गुडघे जवळ घेऊन.

पहिले आठ दिवस असेच गेले. दुपारी डोरीन बस लावून यायची, त्याला जुन्या घसरगाडीवर बसवून ओढत न्यायची. बर्फ घोट्याएवढं होतं. लाज वाटायची त्याला, म्हणून तो मागं वळून घराकडे बघत राहायचा, जणू आपण बोटीतून निघालोय. जादा बॅटरी ती काखेत ठेवायची, गारठ्यानं बॅटरी मरते. खोकल्याच्या गोळ्या घरीच कागद काढून, डबीत कापूस घालून आणलेल्या. मग बसायचं. तीन तास.

गप बसणं म्हणजे नुसतं न बोलणं नव्हे. आधी हात गप होतात, मग पाय. मान सगळ्यात शेवटी. डोळा फिरवायचा पण मान नाही. नाक खाजलं तर खाजू द्यायचं, थोड्या वेळानं ते आपलं आपण दमतं. मग पोटातली घाई थांबते. शेवटी डोक्यातली बडबड. ती थांबली की झाडं जवळ येतात. रेनोला हे सगळं यायचं. फक्त नाकाशी ते फुस. आपणच आपली चुगली करतोय असं त्याला वाटायचं. तो श्वास लांबवायचा, अडवायचा, की कमी फुस व्हावं. मग डोळ्यांपुढं कडा पांढऱ्या व्हायच्या आणि डोरीन त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची. घे. श्वास घे.

आणि हरणं यायची. खरंच यायची. फाटक्या कानाची म्हातारी, तिची पाडसं, आणखी दोन माद्या. फुस झालं की कान हलायचा, बस. तोंड बर्फात, सफरचंद शोधत. कुजलेल्या सफरचंदाचा गोड आंबूस वास लपणापर्यंत यायचा. रेनोला पहिल्या दिवशी पटेचना. त्याला वाटलं हवा कमी पडली आणि आपल्याला भास होतोय. पाच झाडं, त्यांच्याखाली पाच करड्या गायी, आणि आई बादली घेऊन त्यांच्यामधून चाललीय, पायाचा आवाज न करता. त्यानं डोळे मिटून उघडले. आई नव्हती, हरणं होती.

त्याला माद्या मारायच्या नव्हत्या. परवाना नराचा होता. नर यायचा तो राईच्या आत उभा राहायचा, अंधार पडेपर्यंत. शिंगं मात्र दिसायची, फांद्यांमधल्या फांद्यांसारखी.

सहाव्या दिवशी ओन्नी येऊन गेला. दारातच उभा राहिला, टोपी काढून.

"जावयानं एक पाडलं," म्हणाला. "तुझ्या जागेवरून."

"बरं झालं."

"रस्सा खारट झालाय सगळा. कुणाला येत नाही." थोडा वेळ बूट दारावर आपटत राहिला. "तुला काही दिसलं का?"

"दिसतात," रेनो म्हणाला.

नवव्या दिवशी वारा पूर्ण पडला. सरोवराकडून बारीक बर्फ येत होतं, पडत नव्हतं, नुसतं हवेत तरंगत होतं. साडेचारला माद्या आल्या. पावणेपाचला नर राईच्या कडेला आला. एक पाऊल बाहेर. आठ टोकांची शिंगं, मान वळूसारखी जाड. आणखी एक पाऊल.

रेनोनं सावकाश बंदूक खिडकीच्या काठावर टेकवली. मग वचनाप्रमाणे डावा अंगठा पट्ट्यावरच्या बटणावर नेला आणि मशीन बंद केलं.

फुस थांबलं. गुरगुर थांबली.

आणि पाचच्या पाच माना वर झाल्या.

म्हातारीनं थेट लपणाकडे बघितलं. पुढचा पाय उचलला, आपटला. नर जिथल्या तिथं थिजला, मग उलट्या पावलानं राईत शिरला.

रेनोला काही कळेना. त्यानं पापणी सुद्धा हलवली नव्हती. छातीत आवळायला लागलं तसं त्यानं मशीन परत लावलं. गुरगुर. फुस. फुस. म्हातारीचा कान हलला. तिनं नाक फेंदारलं, थोडा वेळ ऐकलं, आणि मान खाली घातली. एकेक करून सगळ्यांनी घातली.

दहा मिनिटांनी नर पुन्हा बाहेर आला. रेनोनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा सगळ्या माना वर.

तेव्हा त्याला कळलं. डोरीनलाही त्याच क्षणी कळलं, तिचा श्वास अडकल्याचं त्यानं ऐकलं. सहा आठवडे तिनं त्यांना शिकवलं होतं की हा आवाज म्हणजे सगळं ठीक आहे. हरणं शिकली होती. आता आवाज थांबणं हेच त्यांना वाघासारखं झालं होतं. आणि आवाज थांबवल्याशिवाय बार काढता येत नव्हता. दोघांनी मिळून इतकं नीट काम केलं होतं की त्यातून बाहेर यायला वाटच ठेवली नव्हती.

रेनोनं मशीन लावलं. बंदूक मांडीवर घेतली. संपलं, असं त्याला वाटलं, आणि नवल म्हणजे फार वाईट वाटलं नाही. उजेड निळा होत चालला होता. शिकारीची कायदेशीर वेळ अजून अर्धा तास होती.

मग त्याच्या कानाजवळ काहीतरी हललं. डोरीनची बोटं. ती इतकी सावकाश येत होती की बर्फच येतंय असं वाटावं. तिनं त्याच्या एका कानामागची नळी सोडवली, मग दुसऱ्या. मशीन तिनं आधीच मांडीवर ओढून घेतलं होतं. नळी सात फूट लांब. ती खुर्चीवरून खाली मातीवर सरकली, तशीच बसल्या बसल्या मागच्या कोपऱ्यात गेली, तोंड कापडाकडे केलं, आणि नळी स्वतःच्या नाकात घातली.

फुस.

त्याच्या श्वासासारखाच. थोडा लांब, थोडा अडखळत. सहा आठवडे ती त्याचाच श्वास घेत होती तिथं, हे त्याला आत्ता समजलं. नर्सला दिलेलं वचन अर्धंच पाळलं जात होतं. पण आता ते बोलायला वेळ नव्हता.

माना खालीच राहिल्या. नर बाहेर आला. एक पाऊल, दोन, तीन. मधल्या झाडाखाली आला आणि आडवा उभा राहून बर्फात तोंड घातलं.

रेनोकडे स्वतःची हवा होती तेवढीच. बंदूक उचलली तेव्हा ती जड नव्हती, तीच त्याला उचलत होती. कडा पांढऱ्या व्हायला लागल्या. दुर्बिणीच्या गोलात नराचा खांदा, खांद्यावर वितळणारं बर्फ, एक एक कण. अर्धा श्वास सोडायचा आणि थांबायचं, बापानं शिकवलेलं. त्याच्याकडे सोडायला अर्धा श्वास सुद्धा नव्हता. मागं फुस झालं. ते संपलं आणि पुढचं यायच्या आधी, त्या मधल्या जागेत, त्यानं चाप ओढला.

माद्या पांढऱ्या शेपट्या उभारून राईत गेल्या. नर दोन उड्या गेला, तिसरीला गुडघ्यावर आला, आणि शेवटच्या झाडाच्या बुंध्याशी आडवा झाला. पुन्हा हलला नाही.

डोरीननं नळी त्याच्या नाकात घातली. ती तिच्या श्वासानं गरम होती. तिनं चिमटा त्याच्या बोटाला लावला, आकडा बघितला, त्याला दाखवला नाही. "घे," ती पुटपुटली. "घे बा. घे." तो घेत राहिला. बराच वेळ दोघांनी तेवढंच काम केलं.

"जाऊ का?" तिनं शेवटी विचारलं.

"अर्धा तास थांबायचं. नेहमी थांबायचं. शांतपणे जाऊ दे त्याला."

म्हणून थांबले. उजेड आणखी निळा झाला. मशीन चालत होतं. बंदुकीच्या दारूचा वास हळूहळू गेला आणि सफरचंदांचा परत आला. रेनोच्या डोळ्यांवर झापड होती. जागेपणी की झोपेत ते त्याला सांगता आलं नसतं, पण राईच्या कडेला फाटक्या कानाची म्हातारी उभी होती. ऐकत होती. फुस. फुस. ती एकेक पाऊल टाकत आली. तिच्यामागं पाडसं. त्यांनी पडलेल्या नराला वळसा घातला, वास घेतला, आणि पलीकडच्या झाडापाशी माना खाली घातल्या.

डोरीननं त्याचा हात घट्ट धरला. म्हणजे तिलाही दिसत होतं.

"आता बाहेर कसं पडायचं?" ती कानात म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "बा, मी उठले तर त्यांना कळेल. मीच होते हे कळेल."

रेनो म्हातारीकडे बघत राहिला. खाताना ती खरंच डोळे मिटायची.

"उठू नकोस," तो म्हणाला.

त्यानं दोन-तीन खोल श्वास घेतले, पाण्यात बुडी मारायच्या आधी घेतात तसे, आणि बटण दाबलं.

माना वर झाल्या. सगळीकडे तीच शांतता, बर्फाएवढी मोठी. म्हातारीनं पाय आपटला. मग ती घाई न करता वळली आणि पाडसांना पुढं घालून चालत चालत सिडरमध्ये गेली. शेवटची शेपटी दिसेनाशी झाली तरी रेनोचा अंगठा बटणावर तसाच होता. डोरीन त्याच्या तोंडाकडे बघत होती. अजून थोडं, असं त्यानं बोटानं सांगितलं. लांब जाऊ देत.